स्वाधीन काय आणि पराधीन काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्ही त्यांनाच केला. ते म्हणाले, "गुरुजी, हल्ली ज्याला पाहावे त्याची झोप उडालेली. त्यावरच काही सांगा." आम्ही वैद्य नव्हे, मानसशास्त्राचे पंडितही नव्हे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील शाळांतून उभा जन्म घालविलेला एक शिक्षक, एवढाच आमचा अधिकार. तथापि झोप उडण्याचा अनुभव मात्र आमच्या गाठी भरपूर आहे, आणि त्याच बळावर आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. नाव थोर आहे, याविषयी दुमत नाही. परंतु आमच्या जिभेचे वळण जुने पडले, म्हणून वेल्हे म्हटल्यास राग मानू नये.)

आपणांपैकी बहुतेकांची मुळे या डोंगरखोऱ्यांतील भातखाचरांत आहेत. पुण्यामुंबईस बिऱ्हाड करून दोन पिढ्या लोटल्या, तरी ज्येष्ठ उलटला की नजर आभाळाकडे जाते. भातशेतीइतकी चिंतेची दुसरी शाळा आम्ही पाहिली नाही. राब भाजून झाला, धूळवाफेवर बी पडले, रोपे वीतभर झाली आणि पाऊस दडी मारून बसला, म्हणजे सारे घर गप्प होते. उलट लावणी उरकताच आभाळ फाटले, तर बांध फुटून केलेले सारे वाहून जाते. पाऊस कोणाच्या बापाचा चाकर नाही. असे असता आमचे वाडवडील वर्षानुवर्षे ही शेती वेडे न होता कशी करीत आले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. उत्तर त्यांच्या दिनक्रमातच सापडते. वैशाखात बांधबंदिस्ती, मग राब, मग बियाण्याची निवड. पाऊस लांबला तर तेवढ्या दिवसांत औतांची डागडुजी, इरल्यांची बांधणी. आभाळाकडे पाहत ते. परंतु पाहता पाहता हात रिकामे नसत.

याच भातशेतीत पुढे चारसूत्री लागवड आली. कृषिशास्त्रज्ञ डॉ. सावंत यांनी बसविलेली ही पद्धत आपल्या भागातील अनेक शेतकऱ्यांनी उचलली. भाताच्या तुसाची राख व पेंढा पुन्हा जमिनीस द्यावा. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडावा. दोन ते तीन रोपांचा चूड आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर दोरीने लावावा. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोल खोचावी, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. यांतील तिसऱ्या सूत्राचे नावच मुळी 'नियंत्रित लावणी' असे आहे. ते प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले. वरून धो धो कोसळते आहे, ओढे लाल झाले आहेत, आणि खाली माणूस दोरी धरून वीत-दीड विताचे अंतर मोजतो आहे! पण नंतर वाटले, यात हसण्यासारखे काय? पावसाचे माप त्याच्या हाती नाही; दोन चुडांमधले अंतर आहे. त्याने आपल्या हातचे माप नेमके धरले, आणि त्या मापापुरते पीक त्याला अधिक मिळाले.

हा विचार नवा नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात एपिक्टीटस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. तो दास्यात वाढला होता आणि पायाने अधू होता. त्याच्या शिष्याने टिपून ठेवलेल्या शिकवणुकीच्या छोट्या पुस्तकाचा आरंभच असा आहे की, काही गोष्टी आपल्या अधीन असतात आणि काही नसतात. आपले मत, आपली इच्छा, आपला यत्न हे आपले. शरीर, संपत्ती, लौकिक, अधिकार हे परके. आपल्याकडे गीतेने कर्माचा अधिकार आणि फळाची आस यांची फारकत केली, ती तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. भोरहून वरंध घाट उतरून गेले की शिवथरघळ लागते. तेथे समर्थांनी दासबोध सिद्ध केला अशी परंपरा आहे, आणि त्या ग्रंथात दैवावर हवाला ठेवून बसणाऱ्यांची समर्थांनी जी हजेरी घेतली आहे, ती वाचताना आजही कान गरम होतात. फक्त एपिक्टीटसाचे एक म्हणणे आम्हांस पुरते पटत नाही. शरीर सर्वस्वी पराधीन आहे, असे तो म्हणतो. याविषयी आमचा अनुभव निराळा आहे, आणि तो सांगण्यासाठी आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट उघड करावी लागेल. ती आजवर आम्ही चारचौघांत बोललो नाही.

आमचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. कोणते धरण, कोणते साल, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. या दोन तालुक्यांत तशी गावे कमी नाहीत, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी हीच कहाणी आहे. जमिनीचा मोबदला ठरला, तो आम्हांस अन्यायाचा वाटला, आणि आम्ही दाद मागितली. येथवर आमचे काही चुकले असे आम्हांस आजही वाटत नाही. चुकले ते पुढे. शाळेस रजा टाकून आम्ही त्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागलो. तारीख असो वा नसो, मनात एकच घोळ. साहेब आज येतील का, फाइल कोठवर आली, अमक्याच्या मेहुण्याची ओळख निघेल का? घरी आलो की त्याच गोष्टी पुन्हा आईसमोर, पत्नीसमोर, भिंतीसमोर. रात्री दोन वाजता उठून अर्जाची नक्कल वाचावयाची. अशी नऊ वर्षे गेली.

या नऊ वर्षांतील कोणत्या तरी उन्हाळ्यात आई म्हणाली, "आरं, दिव्याभवती गोल गोल दिसतंय मला. डोळं दाखीव की एकदा." आम्ही म्हणालो, "एवढा निकाल लागू दे आई, मग पुण्यास नेतो." दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा विचारले. आमचे उत्तर तेच. तिसऱ्या वर्षी तिने विचारले नाही.

एके दिवशी डोळा लाल होऊन डोके ठणकू लागले, तेव्हा आम्ही धावत पुण्यास गेलो. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी आम्हांस बाजूस घेऊन सांगितले की, मोतीबिंदू पिकून डोळ्यातील दाब वाढला आहे आणि त्या दाबाने नस मेली आहे; मोतीबिंदू काढता येईल, मेलेली नस परत आणता येणार नाही. दुसऱ्या डोळ्यासही तेवढाच उशीर झालेला होता. "दोन वर्षांपूर्वी आणले असते तर अर्ध्या तासाचे काम होते," असे ते म्हणाले. हे वाक्य बोलताना त्यांच्या स्वरात दोषारोप नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

मोबदल्याचा निकाल पुढे लागला. मनासारखा लागला नाही. आमच्याच गावचे एक शेतकरी त्याच प्रकरणात वादी होते. ते फक्त तारखेस येत. पत्र्याच्या पेटीत सातबारा, आठ-अ, फेरफार, जुन्या पावत्या क्रमाने लावलेल्या. प्रत्येक अर्जाची पोच घेत, वहीत दिनांक टिपून ठेवीत, आणि तिसऱ्या प्रहरची गाडी धरून आपल्या उरलेल्या वावरात परत जात. आम्ही त्यांस मनातून भोळे समजत होतो. निकाल त्यांचा आणि आमचा अक्षरशः सारखाच लागला. आमच्या नऊ वर्षांच्या जागरणाने त्यात एका रुपयाचीही भर पडली नाही. मोबदला ठरविणे हे ना त्यांच्या हाती होते ना आमच्या. अर्ज वेळेवर देणे, कागद जपणे, तारखेस हजर राहणे, हे दोघांच्याही हाती होते, आणि ते आम्ही दोघांनीही केले. आईचा डोळा दाखविणे हे मात्र केवळ आमच्या हाती होते.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुमचे हे तत्त्वज्ञान गप्प बसणाऱ्यांचे आहे. जे हाताबाहेर आहे ते सोडा म्हटले, म्हणजे अन्याय करणाऱ्याचे फावले. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे सेनापती म्हणून विख्यात झालेले बापट त्यात अग्रभागी होते. धरण अखेर झाले. म्हणून ते शेतकरी चुकले असे आम्ही म्हणणार नाही. धरण थांबविणे त्यांच्या हाती नसेल; विरोध करणे होते, आणि तो त्यांनी पुरेपूर केला. एकट्याच्या हाती जे नसते ते पन्नास घरे मिळून कधी कधी हाती येते, हेही त्यातून दिसते. ज्ञातिमंडळे निघाली ती याचसाठी. एकट्या बापास मुलास पुण्यात ठेवून शिकविणे झेपत नसे, म्हणून सर्वांनी मिळून वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या सुरू केल्या. स्वाधीन गोष्टींची सीमा ही काही दगडावरची रेघ नव्हे. ती सरकते, पण ती व्हरांड्यात बसून कुढल्याने सरकत नाही.

आणि याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जे आपल्या हातचे असते, त्यासच आपण पुष्कळदा दैव म्हणून मोकळे होतो. १२ जुलै १९६१ हा दिवस पुण्यातील वृद्ध मंडळी विसरलेली नाहीत. पानशेतचे धरण वेल्ह्यातले, आंबी नदीवरचे. मातीच्या त्या धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्याच पावसाळ्यात पाणी साठू देण्यात आले. पाऊस जोराचा झाला हे खरे. परंतु पाणी अडविण्याची घाई पावसाने केली नव्हती, माणसांनी केली होती. त्यास दैव म्हणता येणार नाही.

मात्र त्याच प्रसंगातील आदल्या रात्रीची हकीकत आम्ही आमच्या प्रत्येक वर्गास सांगत आलो. धरणाचा माथा खचू लागला होता आणि पाणी वर चढत होते. लष्कराचे जवान मुसळधार पावसात, अंधारात, खचलेल्या भागावर वाळूची पोती रचीत राहिले. पोत्यांनी धरण वाचणार नव्हते, आणि वाचलेही नाही. सकाळी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. पण त्या पोत्यांनी काही तास मिळविले. पाणी शहरात शिरले ते दिवसाउजेडी, माणसे जागी असताना. तेच मध्यरात्री शिरले असते तर किती जीव गेले असते, याची कल्पनाही करवत नाही. धरण राखणे त्या जवानांच्या हाती राहिले नव्हते. घटका लांबविणे राहिले होते.

आता विज्ञान काय म्हणते तेही थोडक्यात सांगतो, कारण तरुण मंडळी जुन्या दाखल्यांवर भागत नाहीत. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली शरीरावरील ताणाविषयी आपले पहिले टिपण प्रसिद्ध केले, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास वाढत गेला. संकट समोर येताच शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते, नाडी वाढते, रक्तात विशिष्ट द्रव्ये उतरतात. संकट टळले की ती ओसरतात. परंतु संकट वाघाचे नसून फाइलीचे असेल, तर ते रोजच समोर उभे असते आणि शरीर रोजच सज्ज राहते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तीत असे आढळले की, ज्यांस आपल्या कामावर स्वतःचा ताबा थोडा, त्यांस हृदयविकार अधिक. म्हणजे कामाचा भार जितका जाळतो, तितकीच आपले काही चालत नाही ही भावनाही जाळते.

१९७६ साली अमेरिकेत लँगर आणि रोडिन या दोन विदुषींनी एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग तर आम्हांस फारच जवळचा वाटतो. एका मजल्यावरील वृद्धांस त्यांनी सांगितले की, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ हे तुम्ही ठरवा. आणि एकेक रोप देऊन त्याची निगा त्यांच्याकडे सोपविली. दुसऱ्या मजल्यावरच्यांसही रोपे दिली, पण त्यांस पाणी परिचारिका घालीत. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक आनंदी व तरतरीत दिसू लागले.

हा प्रयोग आम्ही वाचला तो फार उशिरा. आमच्या मातोश्रींनी तो न वाचताच केला होता. दृष्टी गेल्यावर महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही अपराधाच्या भावनेने तिला इकडची काडी तिकडे करू देईनात. पाणी हाती, ताट हाती. एके दिवशी ती सूनबाईस म्हणाली, "मला बसवून मारता का? पावट्याच्या शेंगा टाक हिकडं." त्या दिवसापासून शेंगा सोलणे, वाती वळणे आणि तुळशीस पाणी घालणे ही तीन कामे तिची झाली. किडका दाणा ती बोटांनी ओळखी. तुळशीकडे जाताना भिंतीस हात लावून पावले मोजी, सोळा जायची आणि सोळा यायची. कोणी वाटेत बादली ठेवली तर मग त्याची धडगत नसे! आमच्यावर तिने कधी शब्दानेही रोष धरला नाही. आम्ही एकदा विषय काढला तेव्हा म्हणाली, "ते झालं. आता शेंगा आण."

ज्यांस काही उपाय हवा असेल त्यांस दोन गोष्टी सांगतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूस आपल्या हातचे आणि दुसऱ्या बाजूस हाताबाहेरचे लिहावे. पुष्कळ गोष्टी अर्ध्या इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या निघतील. त्यांचा आपला अर्धा तेवढा फोडून डाव्या बाजूस घ्यावा. मुलगा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असेल, तर जागा किती निघतील, परीक्षा पुढे ढकलली जाईल का, हे उजवीकडे. आज किती तास वाचले, आणि परीक्षा न झाल्यास दुसरे कोणते काम शिकून ठेवले, हे डावीकडे. आईबापांच्या पानावर डावीकडे एकच ओळ असावी: रोज रात्री फोन करून 'काय झाले?' असे विचारू नये.

दुसरी गोष्ट बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली तपासून पाहिली. चिंता करूच नये असे म्हटल्याने ती थांबत नाही. म्हणून तिला दिवसातील ठराविक अर्धा तास आणि ठराविक जागा नेमून द्यावी. इतर वेळी ती आली तर सांगावे, "बाई, तुझी वेळ सायंकाळी पाचची." ऐकताना पोरखेळ वाटतो. आम्ही सेवानिवृत्तीनंतर हे करून पाहिले. पाच वाजता ओट्यावर बसलो की निम्म्या चिंता येतच नाहीत, त्यांना वेळ सोयीची नसते.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था झाली असेल तर वही आणि ओटा पुरणार नाही. तेथे डॉक्टरच हवा. सरकारने २०२२ साली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. आपल्या समाजात तापासाठी डॉक्टरकडे जातात आणि मनासाठी जाण्यास लाजतात. आम्ही डोळ्यासाठी उशीर केला. आपण मनासाठी करू नये.

वेळ बरीच झाली, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. एक निवेदन करून आटोपते घेतो. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात, वेळवंडी नदीच्या खोऱ्यात, कांबरे बुद्रुक येथील महादेवाचे प्राचीन मंदिर वर्षातील बहुतेक महिने पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते, आणि मृगाच्या पावसाने धरण चढू लागले की पुन्हा बुडते. आमच्या मातोश्री दृष्टी गेल्यावरही तेथे तीन वेळा येऊन गेल्या. चिखलातून हात धरून नेले, की गाळ बसलेल्या दगडी भिंतीवरून बोटे फिरवून त्या पाणी यंदा किती चढले होते ते सांगत, आणि बहुधा ते बरोबर असे. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाणी उतरले असल्यास, मंडळातर्फे तेथे जाण्याचा बेत आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावी. वाहनाची सोय मंडळ करील. डबा ज्याने त्याने आपला आणावा, आणि घरात वृद्ध माणूस असेल तर त्यास अवश्य बरोबर आणावे.